पुकारा

भुसावळ कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, खाली जुनं मराठी टाइपरायटर.
त्यातला अर्धा क बोथट झालाय,
हक्क लिहिला की एक क फिका उमटतो.
बावीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली.
ओढणी कानांवरून घट्ट, डोळे लाल,
उन्हानं असेल असं मला वाटलं.
वकिलानं पेन्सिलीनं खरडलेले चार कागद ठेवून म्हणाली,
काका, आजच पाहिजे.

वादी : कुमारी तृषाली मुरलीधर झोपे,
वय चोवीस, धंदा परिचारिका, रात्रपाळी.
माझी बोटं थांबली. तिनं ओळखलं.
'हसा. स्टँपवालापण हसला.'
आमच्याकडे हे आडनाव गल्लीगल्लीत सापडतं,
पण ते मागायला कोर्टात कुणी आलं नव्हतं.

की वादी सकाळी आठला घरी येते.
की नऊला तिच्या खिडकीसमोर, नगरपालिकेच्या फाटकात,
भोंगा सुरू होतो तो दिवे लागेपर्यंत.
की आज एकोणिसावा दिवस.
की परवा पहाटे तिनं एका पेशंटच्या सलाइनमध्ये
पुढचं वकिलानं खोडलं होतं.
मी खोडलेलं वाचलं. टाइप केलं नाही.

प्रतिवादी एक ते अकरा.
हातगाड्या उचलून नेल्या म्हणून बसलेली माणसं.
त्यांचा मंडपाच्या परवानगीचा अर्जही माझ्याच हातचा,
पानाला चाळीस रुपये.
त्यातही पोट भरण्याचा हक्क होता, एक क फिका.
तिला हे सांगितलं नाही,
आमच्या धंद्यात सांगत नसतात.

सातव्या नावावर तिचं बोट अडलं.
निंबाजी तायडे, केळीवाले.
पाळी सुटली की अर्धा डझन यांच्याकडूनच, म्हणाली,
एक केळं वरून टाकतात, न मागता.
'मग काढू का नाव?'
रिबिनीवर माशी बसली, उडाली, पुन्हा बसली.
'राहू द्या.
भोंग्याची बॅटरी त्यांच्याच घरून येते.'

नोटीस पोहोचली तसे ते अकराही माझ्याकडेच आले,
उत्तर टाइप करायला.
बाकीचे बोलत होते, निंबाजी उभेच.
'भो, हे तेच पोरगी का? निळ्या पिशवीवाली?'
मी मान हलवली.
'मंग मले सांगाचं ना तिनं.'
'सांगितलं असतं तर बंद केला असता?'
टोपीनं वारा घेत राहिले बराच वेळ.
'नाही,' म्हणाले. 'बंद केला त आमचं ऐकन कोन?'
हे उत्तरात आलं नाही.

तारखेला व्हरांड्यात एकच बाकडं रिकामं.
ती ड्यूटीवरून सरळ आलेली,
समोर भिंतीला उकिडवे बसलेले अकरा.
पावणेबाराला तिची मान खांबावर कलली.
ज्यांचा आवाज स्टेशनापलीकडे जायचा
ती माणसं कुजबुजीवर आली,
एकानं वाजता मोबाइल छातीशी दाबला.

शिपाई दारात आला : झोपेऽऽ
मग कागद बघून : तृषाली झोपेऽऽ
तिचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला.
तिसऱ्या पुकाऱ्याला वादी गैरहजर,
म्हणजे दावा निकाली, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक.
कुणीतरी डोळा मारला : झोपू द्या.

निंबाजी गुडघ्यावर हात देत उठले.
खांद्याला शिवले नाहीत,
बाकड्याच्या फळीवर बोटानं टकटक केली.
'ऊठ वं माय. तुहा पुकारा झाला.'

ती दचकून उभी राहिली.
'कुठला बेड?' म्हणाली.

मग आत गेले सगळे, ती पुढं, ते मागं.
पाच मिनिटांत बाहेर.
पुढची तारीख उन्हाळी सुटीनंतर.