खुंटी

मंगळवारी संध्याकाळी, हलच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
लेतेब्रहान वहीत लिहिते:
मी नवऱ्याची वाट पाहते आहे सिन्स सहा वर्षं.

मिसेस ऑर्मरॉडची पेन्सिल तिथेच अडते.
सिन्सला खुंटी लागते, त्या म्हणतात,
एखादा वार, तारीख, गेलाबाजार एखादी सकाळ.
नुसती लांबी सांगायची तर फॉर.

लेतेब्रहान खोडते. रबराचा चुरा फुंकते.
फॉर सहा वर्षं.
बरोबर.

आता सिन्सचं एक वाक्य कर.

खुंटी कुठे ठोकायची?
असमाराच्या बसथांब्यावर?
की फोन नुसताच वाजत राहिला त्या रात्री?
की पुढे कधीतरी,
ताटं मांडताना हात आपोआप एकावर थांबला तेव्हा?

मिसेस ऑर्मरॉड घाई करत नाहीत.
त्यांचे यजमान हल्ली त्यांना बहीण समजतात,
कधीपासून, ते विचारू नये.

खालच्या मजल्यावरचे दिवे एकेक जाऊ लागलेत.
कुठलीही एक घे गं, त्या म्हणतात,
वाक्यापुरती.

लेतेब्रहान लिहिते, सावकाश, अक्षर गिरवल्यासारखं:
सिन्स त्याने दार ओढून घेतलं
आणि किल्ली माझ्याकडेच राहिली.

पेन्सिल शब्दाशब्दावरून फिरते, शेवटाशी येते,
पूर्णविराम तेवढा
ठळक करते.