हवा भरताना

रोज सकाळी साडेसातला मी सावा करामिहोवच्या
पोटात हवा भरते.
स्मोल्यानचं जिल्हा रुग्णालय, तिसरा मजला,
बारीक नळी, पन्नास मिलीची सिरिंज, वीस वेळा.
खांदा दुखायला लागला की तो एक बोट वर करतो,
मी थांबते.

आठ वर्षांत तीनदा उघडलं हे पोट.
तीनदा शिवलं, तीनदा उसवलं.
आता अर्धं आतडं बाहेरच नांदतं,
कातडीच्या पिशवीत, शर्टाच्या न लागणाऱ्या गुंड्यांमागे,
आणि आतली जागा आक्रसून गेली,
खूप दिवस कुणी न वापरलेल्या खोलीसारखी.
पोटात घेणं म्हणजे काय ते इथं कळतं:
आधी जागा करावी लागते.

हा गायदा वाजवायचा. आख्ख्या बकरीचं कातडं, काखेत.
'घाई करतेस,' म्हणतो, 'पिशवीला घाई कळते.'
'आणि पिशवी फाटली तर?'
'ओढून शिवायचं नाही. ओढलं की
टाक्याशेजारी नवं भोक. आधी भिजव,
दोन रात्री. सैल झालं की कडा आपणहून जवळ येतात.'
डॉक्टर व्राचेवा दारात उभ्या होत्या.
महिन्यापूर्वी त्यांनीच त्याच्या कुशीतल्या स्नायूंना
सुया टोचून झोपवलं होतं.
काही बोलल्या नाहीत. तक्ता बघितला, गेल्या.

मग तो गुरुवार. साडेपाच तास.
उभ्या स्नायूचं मागचं अस्तर चिरलं,
कडेचा आडवा स्नायू सोडवला,
बोटांनी, थोडं थोडं, पाठीकडे,
रजईच्या दोन थरांमध्ये हात घालावा तसं.
जाळी पसरली: उशीच्या अभ्र्याहून लहान, पांढरी,
स्नायूंच्या मागे, जिथं पोटाचा दाबच
तिला जागेवर धरून ठेवतो.
मधली शिवण. अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर टाका.
बाई मान न वळवता विचारायच्या,
'फुफ्फुसाचा दाब?'
'बावीस.'
'आता?'
'चोवीस.'
हात थांबला. यंत्राचा सुस्कारा तेवढा ऐकू येत होता.
'चोवीसच.'
पुढचा टाका.

आज दहावा दिवस.
पोटाला पट्टा, पायात बायकोनं विणलेले मोजे,
सावा भिंत धरून शौचालयापर्यंत जातो, परत येतो.
खोकला आला की दोन्ही तळवे पोटावर.
वाद्याचं नाव काढत नाही. आम्हीही नाही.
पण साडेसातला अजून जागा असतो.
मी गोळ्यांचा ट्रे घेऊन आत येते,
तो माझ्या हातांकडे बघतो, सिरिंज नाही,
आणि तरी
एक बोट वर करतो.