एलिसेओचा कान

बेअरिंग झिजायच्या आधीच त्याला ऐकू येतं,
असं म्हणतात धक्क्यावरचे लोक.
सव्वीस वर्षं तो या फेरीबोटीच्या पोटात,
किंचाओ बेटावरून दलकाउए,
दलकाउएवरून पुन्हा बेट.
पाच मिनिटांचं पाणी.
एवढ्याशा पाण्यात माणूस बुडतो कसा?

सुरुवात झोपेपासून झाली.
नाही, झोपेपासून नाही. अकॉर्डियनपासून.
सान हुआनच्या सणाला त्याने ते कपाटातून काढलंच नाही
आणि मी म्हटलं, बरं झालं, शेजारी झोपतील.
थट्टा होती ती. अजून सलते.

मग पहाटे तीनला उठून चुलीपाशी बसणं,
लाकडं विझली तरी बसणं.
घास तोंडात तसाच ठेवून
खिडकीकडे बघणं, खिडकीत काही नसताना.

मी काय केलं नाही?
नवा स्वेटर विणला. शिंपल्यांचं सूप केलं.
मावशीने दिलेला पाला उकळून पाजला.
आणि "तुला कमी काय आहे, एलिसेओ?"
हा डोस, दिवसातून तीन वेळा,
जेवणाआधी आणि जेवणानंतरही.

मार्चमधल्या एका मंगळवारी, भर खाडीत,
त्याच्या छातीवर कुणीतरी गुडघा रोवला.
बोटांना मुंग्या, जीव घशाशी.
कास्त्रोच्या इस्पितळात कागदाची पट्टी निघाली,
एकसारख्या टेकड्यांची.
"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टरीण म्हणाली,
आणि तो ढसाढसा रडला.
हृदयाचं असतं
तर चारचौघांत सांगता आलं असतं.

तिने घाई केली नाही. खुर्ची ओढली.
झोप किती, भूक किती, धास्ती कशाची,
आणि मग त्याच आवाजात:
"मेलेलं बरं, असं मनात येतं?"
एलिसेओ बुटांकडे बघत म्हणाला,
"इंजिन चालू असताना नाही.
बंद केल्यावर."
मी शेजारीच बसले होते.
रोज रात्री साडेनऊला इंजिन बंद व्हायचं
आणि मी घरी बटाटे सोलत असायचे.

दोन नावं लिहिली तिने कागदावर, नैराश्य आणि चिंता.
एक माणसाला खाली बसवतं,
दुसरं बसू देत नाही.
तो आळशी नव्हता. भित्राही नव्हता.
या दोघांच्या ओढाताणीत अर्धा झाला होता.

गोळ्यांनी पहिले दोन आठवडे नुसती मळमळ.
समुद्रात फेकतो म्हणाला.
मी काही बोलले नाही. तेवढं मला आता जमायला लागलंय.
डॉक्टरणीला फोन केला,
तिने अर्ध्या गोळीवर आणलं.

दर गुरुवारी सेन्योरा ओयार्सुनकडे जायचं, खाडीपलीकडे.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःच्याच बोटीवर
वर, उतारूंमध्ये उभा राहिला.
"वरून ती फार हळू वाटते," म्हणाला.
"काय बोलता तुम्ही तासभर?"
"इंजिनाबद्दल."
आता त्याच्याकडे वही आहे, यंत्रघरातल्या नोंदींसारखी:
तीन दहाला जाग. धडधड. पाणी प्यायलो.
तीन पन्नासला कमी.

बरा झाला का, म्हणून विचारतात.
गेला आठवडा वाईट होता.
अकॉर्डियन परवा काढलं, एकच सूर दाबला,
"चिकटतोय," म्हणाला, आणि परत ठेवलं.
पण ऐकला त्याने.

नाउएल्किनच्या विधवेचं घर हलवायचं होतं रविवारी.
आमच्याकडे घर मोडत नाहीत, ओंडक्यांवर चढवतात,
बैल जुंपतात, आणि गाव दोराला लागतं.
दोराला एलिसेओच्या पुढे फेर्मीन बार्रिया होता,
साठीचा, बैलासारखाच, कुणाशी न बोलणारा.
कसं कोण जाणे, त्याच्या पाठीला एलिसेओ म्हणाला,
"मी मनाच्या गोळ्या घेतो."
फेर्मीनने मागे पाहिलं नाही.
दोर ओढला. थुंकला. पुन्हा ओढला.
घर एक हात सरकलं.

मग म्हणाला,
"किती मिलिग्रॅम?"