इसार

चोपडा आगार, पहाटे पाच चाळीस.
ड्यूटीवर चढताना खिशातले स्वतःचे पैसे लिहून द्यावे लागतात.
मी लिहिते: बासष्ट रुपये, सगळी नाणी.
कंट्रोलर गालात हसतो. त्याला माहीत आहे.

नियम माझा मीच घातलाय:
पिशवीतून जेवढ्याचं उचलायचं
तेवढ्याचं पिशवीत टाकायचं.
महामंडळाचा पैसा कमी होत नाही,
माझे महिन्याला जातात चाळीसेक रुपये.

पहिली दोन वर्षं दिसेल ते ठेवलं.
वीस पैशांचं कमळ, दहाची नागमोडी कड,
जिच्यावर काहीच वाचता येत नाही अशी चकतीसुद्धा.
बरणी भरली. उचलायला जड झाली,
आणि दाखवायला एकही नाही.

मग ठरवलं, फक्त दोनचं. अकरा कोनांचं, नकाशावालं.
सालाखाली चौकट असली तर मुंबईचं,
चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं,
काहीच नसलं तर कलकत्त्याचं.
अनेरच्या पुलावर गाडी आली की उजेड चांगला येतो,
तेवढ्यात दोन-तीन बघून होतात.

एकदा लासूरच्या एका म्हातारीने
पदराची गाठ सोडून भोकाचा पैसा पुढे केला.
"चालत नई का वं हाऊ? मना धाकलाना करगोटामा व्हता."
धाकला आता सुरतेला मिलमध्ये आहे, असं पुढच्या बाकावरून कळलं.
मी तिचं तिकीट माझ्या पैशांतून फाडलं.
भोकाचा पैसा घेतला नाही.
तो माझ्या बजेटच्या बाहेरचा होता.

फैजपूरचे बोरोले केळीवाले, त्यांना हे सगळं कसं कळलं कोण जाणे,
म्हणाले, "बाई, दीड लाख काढून ठेवलेत. निवडून द्या."
सुट्टी टाकून जळगावला गेले, सराफ बाजारात,
जिन्याखालच्या त्या दुकानात, जिथे गिऱ्हाईक मावतं एकच.
आम्ही दोघं गेलो. बोरोले दारात उभे राहिले.

दुकानदाराने मखमलीवर मांडत नेलं.
चकचकीत ते सगळे मी बाजूला सारले.
"का हो?" बोरोले मागून.
घासलंय, म्हटलं. घासलेल्याचं पाणी परत येत नाही.
चाळिसात चुकले तर चाळीस जातात,
म्हणून मी भराभर उचलते;
दीड लाखात बोटं कापत होती.

दुपार कलली तेव्हा एक राहिला. काळपट रुपया.
दुकानातल्या रफीकने उजवीकडून डावीकडे
नख फिरवत टाकसाळ वाचून दाखवली: बुऱ्हाणपूर.
नाव पुरतं आलेलं, काठाबाहेर सांडलेलं नाही.
तापीच्याच काठी पडलेला,
माझ्या गाडीने निघालं तर दोन बदल्या.

बोरोल्यांनी पैसे मोजले. अजून लाखाच्या वर शिल्लक.
"एवढ्या पैशांत एकच?"
मी म्हटलं, मीपण एका वेळी एकच घेते.
त्यांचं तोंड पडलं. बायकोला काय दाखवू, म्हणाले.

दुकानदार पसारा आवरत होता.
खालच्या पुडीत त्याच टाकसाळीचा दुसरा रुपया होता,
माथ्यावर डाग, कडी उपटून काढलेली.
कुणाच्या तरी गळ्यात वर्षानुवर्षं घासून
मागची अक्षरं बुळबुळीत झालेली.
"हा खराब. अडीच हजारांत देऊन टाकतो."
मी मनात भाग दिला.
चाळीस चाळीस करत पाच वर्षं,
आणि वर दोन महिने.

ठेवून दिला. जिन्यापर्यंत आले, परत फिरले,
खिशातून नकाशावालं दोनचं काढलं,
चांदणीचं, माझ्याकडे दोन होती,
आणि त्या पुडीवर ठेवलं.
"हा इसार."
तो हसला. बोरोलेही हसले.
मग त्याने दोन्ही नाणी एका कागदात गुंडाळली,
वर पेन्सिलीने लिहिलं: शोभना बाविस्कर, चोपडा डेपो.
तारीख घातली नाही.

दुसऱ्या दिवशी पाच चाळीस.
साठ रुपये, मी लिहिलं. सगळी नाणी.