वॉटर डमी

आधी नंबर सांगा.
गाडीचा नाही हो, इंजिनाचा.
स्टार्टरच्या वर, ब्लॉकच्या डाव्या अंगाला,
घासलेटाच्या चिंधीनं पुसा, मोबाइलची बॅटरी मारा,
फोटो काढून आणा.
झाकणावर नाव एकच, म्हणून आतली वस्तू एक नसते.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
काउंटरच्या या बाजूला एकोणीस वर्षं
मी हेच वाक्य बोलतेय.

तिसरा आकडा चार असेल तर दक्षिणेतल्या कारखान्यातलं,
त्याला बेल्ट.
सात असेल तर चेन.
आखातात जाणाऱ्याला रेडिएटर रुंद मिळतो.
आपल्याकडच्याच्या पिस्टनचं डोकं जरा खोल कोरलेलं,
पंपावर काय भरतील
याचा भरवसा नसल्यासारखं.
आणि मध्येच 'के' आला
तर ते परदेशासाठी ओतलेलं,
ऑर्डर फिरली म्हणून इथल्याच एका गाडीत बसवलेलं.
त्याचं गॅस्केट मी ठेवत नाही.

घणसोलीचे हिराजी मढवी तिसऱ्यांदा आले ते मे महिन्यात.
पेपरात गुंडाळलेलं जुनं गॅस्केट,
माझ्याकडून नेलेलं नवं.
"बाई, एक भोक कमी परतंय."
दोन्ही एकावर एक धरून ट्यूबलाइटसमोर नेली.
सोळांतून उजेड आला.
सतरावं काळंच राहिलं.

ब्लॉक बाहेर टेम्पोत होता.
पुसला. 'के' निघाला.
त्याच्या कुशीला रुपयाएवढी पत्र्याची टिकली,
गंजून ब्लॉकच्याच रंगाची झालेली.

ही डमी, मी म्हटलं.
थंडीच्या मुलखात हिच्या जागी हीटर बसवतात,
रात्री त्याची वायर घराच्या भिंतीतल्या प्लगात,
म्हशीला दावं बांधावं तशी.
तिकडे इंजिनातलं पाणी गोठतं, फुगतं.
कधी ही टिकली उडते
आणि ब्लॉक तडकायचा वाचतो.

मढवींनी हात ठेवला
आणि चटका बसून लगेच काढला.
"अकरा वरसां पलवतंय याला पाम बीचवरशी,
मना कदी काय बोलला नाय."

मग बराच वेळ दोघं उगाच उभे.
समोरच्या लेथचा आवाज,
टेम्पोवाल्याचं घड्याळाकडे बघणं.
"पन पानी गोठून फुगतं,
तुमी बगितलंय काय बाई?"
बघितलंय ना, मी म्हटलं. फ्रीजमध्ये.
बाटली फुटली होती.

गॅस्केट नऊ दिवसांनी आलं,
पुण्याच्या एका म्हाताऱ्या डीलरकडे एकच उरलं होतं.
बिलावर मी नेहमीसारखं लिहिलं:
हेड गॅस्केट, नग एक.
सतराव्या भोकाचे
वेगळे पैसे लावले नाहीत.