पहिली रेघ

सकाळी आठला कंपनीच्या नर्सने मला पेटीत बसवलं.
फोनबूथएवढी पेटी, आतून स्पंज लावलेली.
"आवाज आला की बटण दाब, गुनवोर."
दाबत गेले. मग दाबायला काही उरलं नाही,
तरी काचेपलीकडे तिचा हात हलतच होता.

कागदावर माझ्या कानांची रेघ:
चार हजार हर्ट्झपर्यंत पठार,
मग सरळ कडा.
"नोकरीला लागलीस तेव्हाची तपासणी?"
तिने फायली चाळल्या. चौऱ्याऐंशी सालचं काहीच नव्हतं.
"मग गेलं किती, आणि मुळात होतं किती,
मी कशावरून सांगू?"

साडेनऊला चाचणीघर.
मधोमध रिअॅक्टर. एकशे दहा टन,
राखाडी रंगाचा वास अजून न गेलेला.
चिलीला जायचाय. तिथल्या वाळवंटात
रात्री भार उतरला की लांबलचक तारांवर व्होल्टेज चढतं,
ते हा गिळत बसणार,
जागचा न हलता, जन्मभर गुणगुणत.
आज त्याला आम्ही दहाच व्होल्ट देतो.
एका टोकाला कुजबुज, दुसऱ्या टोकाला कान,
वीस हर्ट्झपासून वीस लाखांपर्यंत.

तेस्फालेम नवा आहे. मूळचा केरेनचा,
लुडविकात आठ वर्षं, स्वीडिश माझ्या नातवंडांहून शुद्ध.
तीन फेजच्या तीन रेघा पडद्यावर उमटल्या
आणि तो खुर्चीतून उठलाच,
"मधली बघ! सुरुवातीपासून वेगळी चाललीय!"
मधली तशीच चालते, म्हटलं.
दोन्हीकडे शेजार असलं की घर वेगळं वाजतं.
गाभ्यात तिची जागाच तशी, तिला बोल लावू नकोस.
पुढे बघ.

पुढे खरंच होतं.
सहा लाखांच्या आसपास तिसरीची एक दरी
दोन बोटं सरकलेली.
तो गप्प. मीही.
इतक्या वरच्या सुरात सहसा वेटोळं बोलत नाही,
बाहेरचंच काहीतरी बोलतं, हे मला ठाऊक आहे.
तरी डोळ्यांपुढे गुंडाळणीच्या हॉलमधली मायरे आली,
कागद ओढून बसवणारे तिचे अंगठे,
एखादा सुटलेला लाकडी ठोकळा,
उपसलेलं तेल, उघडी टाकी,
गोथेनबर्गहून निघून गेलेलं जहाज.

"शिडी आण," म्हटलं. "आणि सँडपेपर."

वर, तिसऱ्या बुशिंगच्या पायाशी,
अर्थिंगची वेणी अगदी नीटनेटकी, घट्ट आवळलेली.
रंगावर.
नखाएवढा रंग. त्याने खरवडला, खाली धातू चमकला.
पुन्हा वीसपासून.
दरी आपल्या जागी येऊन बसली.

फाइलला क्रमांक घातला, तेलाचं तापमान,
वेणी कुठे जोडली त्याचा फोटो, दोघांच्या सह्या.
"पास!" तो म्हणाला.
पास कसला. ही नुसती ओळख.
समुद्र ओलांडून उतरल्यावर
तिकडे कुणीतरी हीच रेघ पुन्हा काढेल,
दोन्ही एकमेकींवर ठेवेल,
वाटेत काय हललं ते शोधेल.
त्या माणसासाठी आहे ही.
आपण त्याला कधी भेटणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलो. तळं गोठलेलं.
तेस्फालेम मधेच थांबला.
"हे कोण बोलतंय? इतकं बारीक?
कुणीतरी काचेची घंटी हलवल्यासारखं?"
मी वर बघितलं. रोवानच्या लाल फळांत
शेंडीवाले तीसेक पक्षी, चोची उघडत, मिटत.
सिडेनस्वान्स, मी म्हटलं.
नाव मला येत होतं. आवाज त्याला.

"कसा आहे?" मी विचारलं.
त्याने हातमोजा काढला, ओठ ओले केले,
आणि शीळ घातली. पुरती खालच्या पट्टीत आणून,
मला पोचेल इतकी.