बाटली क्रमांक नऊ

सुर्लाच्या घाटात नऊ बाटल्या.
झाकणांवर तारीख, उंची, वेळ;
नववीवरची शाई घामाने पुसली.

वरचा झरा काळ्या कातळातून येतो,
थिजलेल्या लाव्हाच्या भेगा चाटत, रेंगाळत,
म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका
त्याच्या अंगाला लागलेली.
मीटर म्हणतो, एकशे चाळीस.

खालचा व्हाळ जांभ्याचा.
जांभा कधीच सगळं देऊन बसलाय,
उरलाय तो लोखंडाचा रंग,
तोही पाण्याला देत नाही.
बावीस.

ठकू झोरे म्हशी थांबवून विचारते,
"कितें मेजता रे?"
मी क्षार, आम्लता, असं काहीबाही.
"वयल्या उदकाक तूर शिजपाक
दोन लाकडां चड लागतात," ती म्हणते,
"सकयल्याक बेगीन शिजता."

वहीत रकाने सात होते.
आठवा हाताने आखला, वाकडाच:
लाकडं.

मग नववी बाटली तिच्यापुढे धरली.
तिने झाकण काढून घोट घेतला,
जिभेवर फिरवला,
एक म्हैस तोवर पुढे गेली.
"दोन व्हाळ मेळटात, थंयचें."

नमुना बाद.
तरी मी तिथलंच नाव लिहिलं,
आणि म्हशीमागे धावणाऱ्या तिला
उंची विचारायची राहिली.